गोळ्या बंद करून व्हीडीआरएल ‘साफ’ होत नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय ३९, सोलापूर जिल्हा. मला एचआयव्ही आहे, सहा वर्षांपासून त्याच्या गोळ्या (एआरटी) चालू आहेत, एकही डोस चुकवत नाही. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) गेली चार वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडतच नाही. पत्नी पाच वर्षांपूर्वी वारली. मागच्या वर्षी माझ्याकडून एक चूक घडली. त्यानंतर तळहात-तळपायांवर तांबूस डाग आले. सिव्हिलमध्ये गरमीच्या (सिफिलिसच्या) तपासण्या केल्या, व्हीडीआरएल १:६४ आणि टीपीएचए पॉझिटिव्ह निघाली. पेनिसिलिनचं २४ लाखांचं एक इंजेक्शन दिलं, डाग गेले. पुढे तीन महिन्यांनी १:३२ (तेव्हा घाबरलो होतो), सहा महिन्यांनी १:८, वर्षाने १:४ असे रिपोर्ट आले. आता पॉझिटिव्ह लोकांच्या वधू-वर मेळाव्यातून एक स्थळ जमत आलंय, मुलीचाही आधी एक संसार झालेला आहे. मुलीच्या भावाने सगळे रिपोर्ट मागितले म्हणून खाजगी लॅबमध्ये तपासलं, तर आरपीआर (व्हीडीआरएलसारखीच तपासणी) १:८ आणि शिवाय ‘सिफिलिस कार्ड टेस्ट : रिअ‍ॅक्टिव्ह’. माझ्यासोबत गोळ्या घ्यायला येणारा एक मित्र म्हणतो, एआरटीमुळे हा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो, पंधरा दिवस गोळ्या बंद कर आणि मग रक्त दे. गावातले डॉक्टर म्हणतात, आणखी तीन इंजेक्शनं घ्या. सोमवारपासून गोळ्या थांबवाव्यात का? रिपोर्ट निगेटिव्ह कधी येईल? दिवाळीनंतर लग्नाचं ठरतंय. त्या एका चुकीनंतर काहीच नाही. रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का?

उत्तर :

नमस्कार.

गोळ्या थांबवू नका. सोमवार उलटून गेला असेल आणि थांबवल्या असतील, तर आजची गोळी आजच घ्या आणि किती दिवस चुकले ते एआरटी सेंटरवर खरं सांगा. रागावतील थोडं, पण त्यांना ते कळायला हवं.

पंधरा दिवसांनी काय होतं म्हणाल, तर गोळी बंद झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांच्या रक्तात विषाणू पुन्हा दिसायला लागतो. तुमच्या एका गोळीत (टीएलडीत) टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं आहेत आणि ती शरीरातून एकाच वेगाने बाहेर पडत नाहीत. एखादं रेंगाळतं, दुसरं संपलेलं असतं, आणि त्या अर्धवट अवस्थेत औषधाला न जुमानणारा विषाणू तयार व्हायला वाव मिळतो. कावीळ ‘ब’चा संसर्ग असेल तर टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन एकदम थांबल्याने यकृतावर मोठा झटका येऊ शकतो. गोळ्यांना ठरवून सुट्टी द्यावी की नाही, हा प्रश्न एकेकाळी डॉक्टरांनाही पडला होता. पाच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले आणि प्रश्न मिटला. सीडीफोर (प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) चांगली आहे म्हणून ज्यांच्या गोळ्या मधेमधे थांबवल्या, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले.

एवढी किंमत मोजून तुमची व्हीडीआरएल जागची हलणारही नाही. रिपोर्टमधला तो आकडा गोळ्यांमुळे आलेला नाही.

तुमचा मित्र मात्र अगदीच हवेत बोलत नाहीये. एआरटीच्या औषधांनी काही रिपोर्ट खरोखरच बदलतात. तुम्ही सध्या जी टीएलडी घेता त्यातलं डोल्युटेग्राव्हिर मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर जाण्याची एक वाट थोडी अडवतं. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन जरासं चढलेलं दिसतं, गाळण्याचं काम मात्र पहिल्यासारखंच चालू असतं. (टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला खरा त्रासही देऊ शकतं, म्हणून तो आकडा डॉक्टरांनाच वाचू द्या.) पूर्वी इफाव्हिरेन्झ सर्रास दिलं जायचं. ते घेणाऱ्यांची लघवी काही तपासण्यांमध्ये ‘गांजा पॉझिटिव्ह’ यायची, आयुष्यात विडीही न ओढलेल्या माणसांची. अ‍ॅटाझानाव्हिरने बिलिरुबिन वाढून डोळे पिवळे दिसतात आणि घरचे काविळीचं औषध आणायला धावतात. तेव्हा ‘गोळ्यांमुळे रिपोर्ट बदलतो’ हे सेंटरच्या रांगेत ऐकलेलं वाक्य काही तपासण्यांपुरतं बरोबर आहे. गरमीच्या रक्ततपासणीला ते लावलं, तिथे गडबड झाली.

ती का, हे समजायला ही तपासणी कशी चालते ते बघावं लागेल.

व्हीडीआरएल आणि आरपीआर या तपासण्या जंतू शोधतच नाहीत. जंतूमुळे पेशींची नासधूस होते आणि कार्डिओलिपिन नावाच्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं. ती प्रतिपिंडं या तपासणीत मोजतात. मुळातली तपासणी वासरमन यांनी बर्लिनमध्ये १९०६ साली काढली. त्या वेळी त्यांना वाटत होतं की आपण जंतूचाच माग काढतोय. पुढे लक्षात आलं की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी तपासणी तशीच लागते. त्या अर्कातलं कार्डिओलिपिन १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी वेगळं काढलं आणि १९४६ पासून व्हीडीआरएल आजच्या रूपात आली. म्हणजे पाया पहिल्यापासूनच आडवळणाचा आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या कशाने खवळली, तरी हा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, गरोदरपण, कधी एखादी लस, कधी नुसतं वय. असा खोटा पॉझिटिव्ह सहसा १:८ किंवा त्याखाली असतो आणि त्यात टीपीएचए, म्हणजे थेट जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, निगेटिव्ह निघते.

तुमची टीपीएचए पॉझिटिव्ह होती, सुरुवात १:६४ वर होती आणि तळव्यांवर डाग होते. तुमचा आजार खरा होता, रिपोर्टही खरा होता.

आता एचआयव्हीकडे येऊ. एचआयव्ही असलेल्यांमध्ये गरमीच्या तपासण्या विचित्र वागतात, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं सापडेल आणि ते उगाच लिहिलेलं नाही. १९८०-९० च्या दशकांत एआरटी नव्हती किंवा अपुरी होती. विषाणू मोकाट असला की शरीरातल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कारण नसताना चेकाळतात, भलतीसलती प्रतिपिंडं भरमसाट बनतात. त्यातून खोटे पॉझिटिव्ह येत, नाहीतर आकडा अवास्तव चढलेला दिसे. दुसऱ्या टोकाला, सीडीफोर अगदी तळाला गेलेल्या माणसाचं शरीर प्रतिपिंडं बनवायलाच थकलेलं असे, मग अंगभर पुरळ असूनही रिपोर्ट उशिरा लागे किंवा निगेटिव्ह येई. उपचारानंतर आकडा उतरायलाही वेळ लागे. हे सगळं बेलगाम एचआयव्हीचं काम होतं. गोळ्या तो लगाम घालतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात एचआयव्हीसोबत गरमी झालेल्यांमध्ये एआरटी चालू असणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली होती. पेनिसिलिननंतर आकडा न उतरण्याचं किंवा पुन्हा चढण्याचं प्रमाण एआरटी घेणाऱ्यांत स्पष्टपणे कमी होतं.

म्हणजे मित्राचा सल्ला बरोबर उलटा आहे. व्हीडीआरएलचा रिपोर्ट विश्वासार्ह यावा असं वाटत असेल, तर व्हायरल लोड दबलेला ठेवणं हाच त्याचा मार्ग. आजची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात की एचआयव्ही असलेल्या बहुतेकांमध्ये या तपासण्या इतरांइतक्याच भरवशाच्या आहेत आणि वाचायच्याही तशाच.

उलट दिशेचा परिणाम मात्र दिसतो. ताज्या गरमीत व्हायरल लोड काही काळ किंचित वर आणि सीडीफोर थोडी खाली गेलेली आढळते, आणि उपचारानंतर ती सावरते. मागच्या वर्षीच्या तुमच्या सीडीफोरमध्ये तसा खळगा दिसला, तर गोळ्यांवर संशय घेऊ नका.

आता तुमचे आकडे.

१:६४ म्हणजे रक्तातला सीरम निम्मा-निम्मा पातळ करत नेला, १:२, १:४, १:८ असं, आणि १:६४ पर्यंत तपासणी लागत राहिली, पुढे लागली नाही. हा जिना दुपटीचा आहे. एका पायरीचा फरक आम्ही फरक म्हणून धरतच नाही. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, हलल्या तरच अर्थ लावायचा. एका पायरीला किंमत का नाही, हे लॅबमध्ये उभं राहून पाहिलं की कळतं. आरपीआरला पांढरं गुळगुळीत कार्ड असतं, त्यावर गोल आखलेले. एकेका गोलात सीरमचा एक थेंब पसरायचा, त्यावर कोळशाची बारीक पूड मिसळलेल्या द्रावाचा थेंब टाकायचा आणि कार्ड फिरत्या यंत्रावर आठ मिनिटं ठेवायचं. प्रतिपिंडं असतील तर काळे कण एकत्र येऊन गुठळ्या दिसतात, नसतील तर करडा रंग सारखा पसरलेला राहतो किंवा मधोमध एक गुळगुळीत ठिपका उरतो. व्हीडीआरएलमध्ये कोळसा नसतो. तिथे सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचा, काचपट्टीवर चार मिनिटं फिरवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. दोन्हीकडे शेवटच्या गोलात बारीक कण गोळा झालेत की नाही, हे माणसाचा डोळा ठरवतो. सकाळचा टेक्निशियन १:४ लिहील, दुपारचा त्याच रक्ताला १:८ लिहील. दोघंही चुकलेले नसतात.

यात भर म्हणजे तुमचा १:४ हा सिव्हिलच्या व्हीडीआरएलचा आहे आणि १:८ खाजगी लॅबच्या आरपीआरचा. आरपीआरचा आकडा अनेकदा थोडा वरच येतो. तपासणी वेगळी, लॅब वेगळी, फरक एका पायरीचा. ‘वाढलं’ असं यावरून कोणालाच म्हणता येणार नाही, ना तुमच्या गावातल्या डॉक्टरांना, ना मुलीच्या भावाला.

तुमच्या कागदांत मला जे दिसतं ते चांगलं आहे. १:६४ वरून सहा महिन्यांत १:८, म्हणजे तीन पायऱ्या. वर्षाने १:४, म्हणजे चार. दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे तुमच्यासारखे डाग उठतात त्या गरमीत, एचआयव्ही असताना, बारा महिन्यांत चौपट उतार ही आमची अपेक्षा असते. तुमचा सोळापट झाला. तीन महिन्यांचा १:३२ पाहून तुम्ही घाबरला होतात, असं पत्रात लिहिलंय. तीन महिन्यांत एक पायरी उतरणं यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

यापुढे काय होईल? काहींचा आकडा पूर्ण निगेटिव्ह होतो. अनेकांचा १:१, १:२, १:४ असा कुठेतरी तळाशी अडकतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. याला ‘सेरोफास्ट’ म्हणतात. हे एचआयव्ही नसलेल्यांतही होतं. जंतू आत दडलेत असा त्याचा सहसा अर्थ नसतो, तुमच्याकडून दुसऱ्याला लागण होईल असाही नसतो. निगेटिव्ह कधी येईल, असं विचारलंत. प्रामाणिक उत्तर म्हणजे कदाचित कधीच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

कार्ड टेस्टचं प्रकरण वेगळं आहे. सगळ्यात जास्त माणसं इथेच हकनाक घाबरतात. ती पट्टी, टीपीएचए आणि मोठ्या लॅबमधली यंत्रावरची सिफिलिस अँटिबॉडी तपासणी ही सगळी एकाच घराण्यातली. ही मंडळी जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडं शोधतात, आणि ती एकदा तयार झाली की बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे ना, तसं हे. अगदी पहिल्या टप्प्यात उपचार झालेल्या थोड्याच लोकांत ती दोन-तीन वर्षांत पुसली जातात. तुमचा उपचार दुसऱ्या टप्प्यात झाला, तेव्हा ती पट्टी विसाव्या वर्षीही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’च म्हणेल असं धरून चाला. काही लहान लॅब ही पट्टी वापरतात आणि कागदावर मात्र ‘व्हीडीआरएल : रिअ‍ॅक्टिव्ह’ असं छापून मोकळ्या होतात. आकडा नसलेला ‘व्हीडीआरएल पॉझिटिव्ह’ रिपोर्ट हातात आला, तर हे कोणत्या पद्धतीने केलंत आणि टायटर (१:४ सारखा आकडा) किती, असं खिडकीवरच विचारायचं. ऑपरेशनच्या आधी, रक्तदान शिबिरात, नोकरीच्या मेडिकलमध्ये हा गोंधळ पुन्हा तुमच्या वाट्याला येणार आहे. जुने सगळे रिपोर्ट आणि इंजेक्शनची तारीख लिहिलेला कागद जपून ठेवा. तो नसला की नवा डॉक्टर पहिल्यापासून उपचार सुरू करतो, आणि त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

याच ओघात एक उलटी गोष्टही सांगून ठेवते, तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. अंगावर, तळव्यांवर गरमीचं पुरळ आहे आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह, असं झालं तर लगेच निश्चिंत होऊ नका. कधी प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की पातळ न केलेल्या सीरममध्ये गुठळ्या धरतच नाहीत. रक्त पातळ करून बघितलं की मोठा आकडा समोर येतो. एचआयव्ही असलेल्यांत आणि गरोदर बायकांत हे जास्त दिसतं. ‘पातळ करून बघा’ एवढा निरोप डॉक्टरांनी लॅबला दिला तरी पुरतो. लागण अगदी ताजी असतानाही तपासणी निगेटिव्ह येते, कारण जखम साधारण तीन आठवड्यांनी उमटते आणि व्हीडीआरएल त्यानंतरही एक ते चार आठवड्यांनी लागते.

आता गावातल्या डॉक्टरांची तीन इंजेक्शनं. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं ही पद्धत खरीच आहे, पण ती जुन्या, कधी झाली ते ठाऊक नसलेल्या गरमीसाठी. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात २४ लाख युनिटचं एकच, एचआयव्ही असो वा नसो. ‘एचआयव्ही आहे ना, मग तीन देऊन टाकू’ असं वाटणारे डॉक्टर जगभर आहेत. त्यासाठीच अमेरिकेत एक विरुद्ध तीन इंजेक्शनं अशी चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भाग घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक एचआयव्हीसह जगणारे होते. तीन घेणाऱ्यांचा निकाल एक घेणाऱ्यांपेक्षा सरस निघाला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत पाव हिश्श्याच्या आसपास लोकांचा आकडा पुरेसा उतरलेला नव्हता, तेव्हा आकडा हळू उतरणं ही काही तुमच्या एकट्याची तक्रार नाही. बेंझाथिन पेनिसिलिन ढुंगणात घ्यावं लागतं, दोन दिवस धड बसता येत नाही, आणि कित्येकदा मिळता मिळत नाही. ज्या गरोदर बाईला त्याची खरी गरज आहे तिच्यासाठी ते दुकानात राहू दे.

पण एका गोष्टीत मी सूट देणार नाही. ‘त्या एका चुकीनंतर काहीच नाही’ असं तुम्ही लिहिलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरी हे लक्षात ठेवा की गरमी एकदा झाली म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं, आणि व्हायरल लोड सापडत नसला तरी तो गरमीपासून वाचवत नाही. ‘अनडिटेक्टेबल असेल तर एचआयव्ही संबंधातून पसरत नाही’ हे अगदी खरं, पण एचआयव्हीपुरतंच. गरमीला निरोध हवा, आणि तोही जखम निरोधाबाहेरच्या जागी असेल तर पुरा पडत नाही. मधल्या काळात काही घडलं असेल, तर सिव्हिलच्या डॉक्टरांना सांगा. ते माहीत असेल तर १:८ चा अर्थ वेगळा लावावा लागतो.

करायचं काय ते सांगते. खाजगी लॅबचा कागद बाजूला ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी त्याच सिव्हिलमध्ये जा, जिथे पहिले चार रिपोर्ट झाले. त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा सुरक्षा क्लिनिकमध्ये व्हीडीआरएल टायटरसकट करायला सांगा. टीपीएचए पुन्हा करू नका, तिचं उत्तर आपल्याला माहीत आहे. १:४ किंवा १:८ आला आणि अंगावर काही नसेल, तर उपचाराची गरज नाही. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत ठरल्या वेळी तपासत राहायचं. १:१६ किंवा त्याहून वर आला, तर दोन पायऱ्यांचा चढ झाला. मग दोनेक आठवड्यांनी तो तसाच राहतोय का ते पाहून, नवी लागण की उपचार अपुरा, हे डॉक्टर ठरवतील. जखम किंवा पुरळ दिसत असेल तर मात्र तेवढंही थांबत नाहीत. इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर त्याच दिवशी, सुई टोचायच्या आधी, टायटरसाठी रक्त द्या. हा आकडा थोड्या दिवसांतही बदलतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या दिवशीच्या आकड्यावरून चालतो. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत ताप, अंगदुखी, डागांचा लालपणा वाढणं हे होऊ शकतं. ते जंतू मरताना होतं, त्याला अ‍ॅलर्जी समजून पुढचे उपचार टाळायचे नाहीत. श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर मात्र लगेच दाखवायचं.

तपासणीची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, असे प्रसंगही आहेत. नजर अंधुक होणं, डोळा लाल होऊन दुखणं, समोर काळे तरंग दिसणं, कानात अचानक आवाज येणं किंवा ऐकू कमी येणं, न थांबणारी डोकेदुखी, चेहरा किंवा हातपाय लुळा पडणं. गरमी डोळ्यात, कानात, मेंदूत जाऊ शकते, कोणत्याही टप्प्यात, आणि एचआयव्ही असलेल्यांनी याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. अशा वेळी टायटर १:२ असला तरी त्यावर विसंबायचं नाही.

आता लग्नाचं. मुलीच्या भावाने रिपोर्ट मागितले यात गैर काही नाही, पण ‘व्हीडीआरएल निगेटिव्ह दाखवा’ ही अट कोणालाच पाळता येणारी नाही आणि ती पाळण्याच्या नादात तुम्ही गोळ्या सोडायला निघालात. तो कागद भावाच्या हातात देण्यापेक्षा तुम्ही आणि ती, दोघंच, एआरटी सेंटरच्या समुपदेशकांसमोर बसा. आकड्यांचा हा जिना तिला त्यांच्याकडून समजू दे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कोणी पुढे सांगू नये, यासाठी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, तो २०१८ पासून लागू झालाय. नात्यागोत्यात वाटायचे हे कागद नव्हेत. पण तिच्यापासून लपवू नका. मागच्या वर्षीची गोष्ट तिला नंतर कपाटातल्या फाईलमधून कळली, तर ते फार वाईट होईल.

तिची तपासणीही व्हायला हवी, आणि ती तिने स्वतःसाठी करून घ्यावी, तुम्हाला दाखवायला नाही. तिचाही आधी कोणाशी संसार झालेला आहे असं तुम्ही लिहिलंत. व्हीडीआरएल टायटरसकट आणि टीपीएचए, दोन्ही. मूल हवं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. आईची गरमी उपचाराविना राहिली तर गर्भ पोटात दगावू शकतो किंवा बाळ जन्मतःच आजारी असतं, आणि वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने हे टळतं. गरोदरपणात दुसरं कुठलंही औषध त्याची जागा घेत नाही. दिवस राहिले की पहिल्याच नावनोंदणीला तिने ही तपासणी पुन्हा मागून घ्यावी.

सिव्हिलच्या रिपोर्टपर्यंत दिवाळीची तारीख पक्की करायला का थांबायचं, हे मला तरी दिसत नाही. १:४ चा माणूस लग्नाला नालायक ठरत नाही. रिपोर्ट काही वेगळा आलाच, तर एक इंजेक्शन घेऊन नंतरची वाट पाहायला तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे.

जिल्ह्याबाहेर कुठे तपासायचं असेल, किंवा इथे ओळखीचं कोणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नाव न सांगता जवळचं केंद्र विचारता येतं.

आणि पत्राच्या शेवटी विचारलंत ते : या तपासणीसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. सकाळी नेहमीसारखा चहा-नाश्ता करून जा. गोळी त्या दिवशीही नेहमीच्याच वेळी घ्यायची.